बोलणं संपल्यानंतर

जर्मनीतल्या येना शहरात मी ज्या विभागात काम करायचे, त्याच्या दारावर 'आंबुलान्स' अशी पाटी होती. पुण्याहून आलेली माझी आई ती वाचून घाबरलीच. "अगं, तू इतकी वर्षं ॲम्ब्युलन्सवर काम करतेस?" जर्मनीत त्या शब्दाचा अर्थ साधा आहे. पेशंटने यायचं, उपचार घ्यायचे आणि घरी जायचं. आमच्याकडे यंत्रं नव्हती. दोन खुर्च्या, एक खिडकी, टिश्यूचा डबा आणि समोरच्या माणसाचं बोलणं, एवढ्यावर आमचा दवाखाना चालायचा. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीला कोणी ना कोणी विचारायचंच, "म्हणजे तुम्ही नुसतं बोलता?" मी म्हणायचे, "नाही हो, बहुतेक वेळ ऐकते." मग ते हसून चकलीकडे वळायचे.

नवरा भिंगांच्या संशोधनासाठी येनाला आला म्हणून मी आले. मानसशास्त्र पुण्यात शिकले होते, ते इथे पुन्हा जर्मनमधून शिकले, परीक्षा दिल्या आणि मानसोपचार करायला लागले. दोन हजार सालानंतरची सगळी वर्षं त्या दोन खुर्च्यांपैकी एकीवर गेली. माझ्या वाट्याला आली ती मुख्यतः माणसांची भीती वाटणारी माणसं.

ही भीती बाहेरून दिसते तशी नसते. लोकांना वाटतं, लाजाळू माणूस चारचौघांत गप्प बसतो, घरी गेला की मोकळा होतो. खरं तर त्याचं काम घरी गेल्यावर सुरू होतं. चारचौघांत गेलेला वेळ थोडा असतो. त्याआधी कितीतरी दिवस तो मनात तालीम करतो, आणि नंतरचे कितीतरी दिवस तेच पुन्हा पुन्हा बघतो. मी असं म्हणालो, मग तो असा थांबला, मग तिने घड्याळाकडे पाहिलं. प्रत्येक वेळी बघताना प्रसंग थोडा अधिक वाईट होतो, आणि शेवटी त्याच्या आठवणीत उरतो तो प्रसंग मुळात घडलेलाच नसतो. गाय रवंथ करते तेव्हा निदान चारा पचतो. यात काहीच पचत नाही. आणि पुढच्या वेळी चारचौघांत जायची वेळ आली की हाच सगळा साठा आधी समोर येतो.

आपल्याकडे याला आजार म्हणून कोणी ओळखत नाही. मुलगा असला तर 'शांत आहे हो, गुणी आहे', मुलगी असली तर 'वळण चांगलं आहे'. कौतुकातच पंचवीस-तीस वर्षं निघून जातात.

सगळ्याच गोष्टी रडक्या नव्हत्या. विद्यापीठात पीएचडी करणारा एक जर्मन मुलगा माझ्याकडे यायचा. त्याला ट्राममधलं थांबण्याचं बटण दाबता यायचं नाही. बटण दाबलं की घंटा वाजते, आणि घंटा वाजली की लोक बघतात. त्याच्या स्टॉपसाठी दुसऱ्या कोणी बटण दाबलं तर तो उतरायचा, नाहीतर पुढे जायचा आणि तिथून चालत परत यायचा. उपचार म्हणून मी त्याच्याबरोबर ट्राममध्ये बसले. प्रत्येक स्टॉपला त्याने बटण दाबायचं आणि उतरायचं नाही. एक आजीबाई शेवटी कडाडल्या, "तरुण माणसा, तुला उतरायचंय की नाही?" तो लालबुंद झाला. आजीबाई पुढच्या स्टॉपला उतरल्या आणि वळूनसुद्धा न बघता निघून गेल्या. तो बराच वेळ त्यांच्या पाठीकडे बघत राहिला आणि म्हणाला, "त्या मला विसरल्यासुद्धा." त्या वाक्यावर तो बरा झाला, असं म्हटलं तरी चालेल. पुढे तो शिकवायलाही लागला.

त्या दिवसांत मला वाटायचं, हे काम मला जमतं. मिलिंद आले ते त्याच सुमाराला. नावं अर्थातच बदलली आहेत, आणि त्यांच्या घरच्यांना विचारूनच हे लिहिते आहे.

पहिला फोन त्यांच्या बायकोचा, अनघाचा होता. "ताई, तुम्ही मराठीत बोलता असं कळलं. मिलिंद डॉक्टरकडे जायला तयारच नाही. मराठीत असेल तर येतो म्हणालाय."

मिलिंद मूळचे नाशिकचे, मेकॅनिकल इंजिनिअर. हेर्त्सोगेनआउराखमधल्या एका कंपनीत बेअरिंगच्या चाचण्या घ्यायचे. तिथून मोटारने एरलांगन आणि पुढे रेल्वेने येना, असा तो प्रवास. आमच्या स्टेशनाचं नाव पाराडीस, म्हणजे स्वर्ग. पहिल्या दिवशी आत आल्यावर ते खुर्चीच्या कडेवर बसले आणि म्हणाले, "स्टेशनाचं नाव वाचून हसू आलं. सॉरी. असं म्हणायला नको होतं."

उंच, नीटनेटका, पस्तिशीचा माणूस. प्रत्येक वाक्यानंतर माझ्या चेहऱ्याकडे बघायचा.

"कुठून सुरुवात झाली असं वाटतं?" मी विचारलं.

"माहलत्साइट," ते म्हणाले.

जर्मन ऑफिसांत जेवणाच्या वेळी समोर दिसेल त्याला माहलत्साइट म्हणतात. अर्थ म्हटला तर 'जेवणाची वेळ', म्हटला तर नुसता नमस्कार. उत्तरही तेच, माहलत्साइट. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात कॉरिडॉरमध्ये कोणीतरी तसं म्हणालं. मिलिंदना वाटलं, जेवायला बोलावतायत. ते म्हणाले, "थँक यू, पण मी डबा आणलाय." दोघंतिघं हसले.

"बस, एवढंच," मिलिंद म्हणाले. "मला कळतं की एवढंच आहे. पण रोज बारा वाजायला आले की मला ते हसणं ऐकू येतं. मग मी कँटीनमध्ये जाणं सोडलं. डबा पार्किंगमध्ये गाडीत बसून खातो."

"गाडीत बसल्यावर काय करता?"

"विचार करतो. सकाळच्या मीटिंगमध्ये काय बोललो त्याचा."

"त्याचा उपयोग होतो?"

त्यांना प्रश्न विचित्र वाटला. "मी इंजिनिअर आहे मॅडम. पार्ट फेल झाला तर का फेल झाला हे बघायचं नाही? बघितलं नाही तर पुढच्या वेळी पुन्हा फेल होणार."

"तुमच्या चाचणीच्या शेवटी रिपोर्ट निघतो ना? याचा रिपोर्ट कधी निघाला?"

ते पहिल्यांदाच हसले. "या, गेनाऊ. अगदी बरोबर. टेस्ट चालूच आहे."

इथे आमच्या धंद्यातलं एक सांगायला हवं. असं घोळत बसणाऱ्या माणसाला 'विचार करू नको' म्हणणं व्यर्थ असतं. त्याच्या मते तो विचार हीच त्याची काळजी घेण्याची रीत असते. ती सोडली तर आपण बेसावध राहू आणि सगळ्यांसमोर उघडे पडू, ही त्याची धास्ती असते. त्यामुळे आम्ही विचारांशी भांडत नाही, माणसाचं लक्ष बाहेर वळवतो. समोरच्याच्या डोळ्यांचा रंग कोणता, तो काय म्हणतोय, खिडकीबाहेर काय आहे. आत बघणारा डोळा बाहेर वळला की माणसाला जरा श्वास मिळतो.

एकदा मी माझ्या दोन सहकाऱ्यांना बोलावलं आणि मिलिंदना त्यांच्याशी जर्मनमध्ये गप्पा मारायला लावून, त्यांच्या परवानगीने ते चित्रित केलं. नंतर त्यांना विचारलं, "पडद्यावर काय दिसेल असं वाटतं?" ते म्हणाले, घामाने थबथबलेला, अडखळणारा, मूर्ख दिसणारा माणूस. मग आम्ही ते पाहिलं. पडद्यावर एक साधा, किंचित सावकाश बोलणारा गृहस्थ होता. ऐकताना मान हलवायची त्याची पद्धत छान होती. मिलिंद खूप वेळ बघत राहिले. "आल्झो... म्हणजे, हा माणूस बरा दिसतो," ते हळूच म्हणाले.

हळूहळू ते कँटीनमध्ये जायला लागले. त्यात माझ्यापेक्षा मोठा वाटा हेर लिंडनर, म्हणजे लिंडनरसाहेब, यांचा. हे त्यांच्या शेजारच्या टेबलावरचे, निवृत्तीला आलेले, मोठ्या पोटाचे आणि त्याहून मोठ्या आवाजाचे गृहस्थ. त्यांना समोर एक ऐकणारा माणूस लागायचा, आणि मिलिंदइतका चांगला ऐकणारा माणूस त्या इमारतीत दुसरा नव्हता. बाराच्या ठोक्याला ते मिलिंदच्या टेबलावर टिचकी मारायचे, "माहलत्साइट, चला." जेवताना आपल्या बागेतल्या आलुबुखाराच्या झाडाची तक्रार सांगायचे. मिलिंदना बोलावं लागायचं नाही, आणि मग कधीतरी ते आपसूकच बोलायला लागले. एकदा मला सांगत होते, "मी त्यांना म्हटलं, आमच्या नाशिकला द्राक्षं. तर ते म्हणाले, मग तू माझ्या झाडावर येऊन बघ, काय बिघडलंय ते." हे सांगताना माझ्या चेहऱ्याकडे बघायचं ते विसरले होते. त्या संध्याकाळी घरी जाताना ट्राम सोडून नदीकाठाने चालत गेले, इतकी मी खूश होते.

दर थोड्या दिवसांनी मी विचारायचे, "इथलं बोलणं घरी जाताना मनात घोळतं का?" हा आमचा ठरलेला प्रश्न. ते म्हणायचे, "नाही मॅडम. तुमच्याशी बोलताना तसं होत नाही."

उन्हाळ्याच्या शेवटी हेर लिंडनर बागेत काम करता करता कोसळले आणि गेले.

मिलिंद माझ्यासमोर रडले. मग म्हणाले, "मला जायचंय. त्यांच्या बायकोला भेटायचंय." चारचौघांत जायची इच्छा त्यांनी स्वतःहून सांगितली ती पहिल्यांदा. मी म्हटलं, "जा."

जर्मन अंत्यविधीला शेवटी लोक रांगेने घरच्यांपाशी जातात, हात हातात घेतात आणि एक ठरावीक वाक्य म्हणतात, हेर्त्सलिशेस बायलाइड. मनापासून सांत्वन. मिलिंदनी ते घरी पाठ केलं. त्यांची मुलगी इरा तेव्हा तिसरीत होती. इथेच जन्मलेली, मराठी समजणारी आणि जर्मनमध्ये उत्तर देणारी. तिने त्यांच्याकडून उच्चार करून घेतले.

दफनभूमीत अनघा त्यांच्या मागे उभी होती. नंतर तिने मला सांगितलं. रांग सरकली, मिलिंद फ्राऊ लिंडनरच्या, म्हणजे लिंडनरबाईंच्या, समोर आले, त्यांनी तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि स्वच्छ, मोठ्या आवाजात म्हणाले, "हेर्त्सलिशन ग्ल्युकवुन्श, फ्राऊ लिंडनर."

म्हणजे, मनापासून अभिनंदन.

ऑफिसात कोणाचा वाढदिवस असला की हात हातात घेऊन हे म्हणतात. दोन्ही वाक्यांची सुरुवात जवळजवळ एकच. वर्षानुवर्षं हात पुढे केला की जे वाक्य आलं, तेच त्या दिवशीही आलं.

मागे कोणीतरी श्वास आत ओढला. फ्राऊ लिंडनर क्षणभर बघत राहिल्या. मग त्यांनी मिलिंदचा हात घट्ट दाबला आणि म्हणाल्या, "तुम्ही ते भारतातले गृहस्थ. माझा नवरा रोज तुमच्याबद्दल बोलायचा." अनघाने ते नीट ऐकलं. मिलिंदना त्यातलं काहीच ऐकू आलं नाही.

खरं सांगायचं तर, हे कळल्यावर आधी वाईट वाटलं आणि लगेच माझ्या मनात आशा आली. आमच्या उपचारांत आम्ही माणसाला मुद्दाम छोट्या चुका करायला लावतो, कारण जे होऊ नये असं वाटतं ते होऊनही आभाळ कोसळत नाही, हे त्याला कळावं. इथे तर ज्याची आयुष्यभर भीती बाळगली ते साक्षात घडलं होतं, आणि समोरच्या बाईने हात दाबला होता. यापेक्षा मोठा पुरावा कुठला?

दोन आठवड्यांनी फ्राऊ लिंडनर स्वतः त्यांच्या घरी आल्या. त्याच झाडाच्या आलुबुखारांचा केक घेऊन. बेल वाजली, आवाज ओळखला आणि मिलिंद बेडरूममध्ये जाऊन दार लावून बसले. अनघाने कॉफी केली. स्वयंपाकघरात बसून फ्राऊ लिंडनर म्हणाल्या, "त्या दिवशी सगळे तेच वाक्य म्हणत होते. कोणाचंही मला आठवत नाही. तुमच्या नवऱ्याचं तेवढं आठवतं. त्या सबंध दिवसात तेव्हाच एकदा मला हसू येईल असं वाटलं. माझा नवरा तर पोट धरून हसला असता. त्यांना सांगा हे." दार पातळ होतं. मिलिंदनी सगळं ऐकलं.

पुढच्या भेटीत मी विचारलं, "ऐकलंत ना?"

"ऐकलं."

"मग?"

"चांगली बाई आहे म्हणून तसं म्हणाली," ते म्हणाले. "इतक्या चांगल्या बाईला मी तसं बोललो."

मी पुष्कळ प्रयत्न केले. ते दृश्य आम्ही शब्दशः उभं केलं. तिचा हात, तिचं वाक्य, हाताचा दाब. ते सगळं मान्य करायचे, आणि मान्य केलेल्या प्रत्येक गोष्टीला एक 'पण' लावायचे. हात दाबला, पण लोक बघत होते म्हणून. केक आणला, पण कीव आली म्हणून. पुरावा जितका भक्कम, तितका तो दळायला जास्त वेळ लागायचा, एवढाच फरक.

कँटीन सुटलं. मग मीटिंगमध्ये बोलणं सुटलं. ऑफिसच्या लोकांनी काही म्हटलं नव्हतं, उलट सांभाळूनच घेत होते, आणि ते सांभाळून घेणंच त्यांना बोचायचं. डॉक्टरांनी आजारपणाची रजा दिली. मी एका क्लिनिकमध्ये राहून उपचार घ्यायची व्यवस्था केली. तिथे सकाळी सगळे गोल बसून आपापलं सांगतात; तिथून ते लवकरच निघून आले. अनघा म्हणायची, "ताई, तो घरात आहे, पण नाहीये. मी जेवायला हाक मारते, तर मला वाटतं की मी कुठल्यातरी चालू मीटिंगमध्ये दार उघडून आत गेलेय."

एकदा ते इराला घेऊन बेकरीत गेले होते. पाव मागायला त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात इराने त्यांचा कोट ओढला आणि जर्मनमध्ये म्हणाली, "पप्पा, तू नको बोलूस, मी सांगते." तिने प्रेमानेच म्हटलं असणार. ते मला हे सांगताना अजिबात रडले नाहीत. "तिचं बरोबरच आहे," एवढंच म्हणाले.

नोकरी सोडून ते नाशिकला परत जायला निघाले, तेव्हा शेवटचं भेटायला आले. अनघाची एरलांगनला नोकरी होती, इराची शाळा होती. त्या दोघी इथेच राहणार होत्या. 'थोडे दिवस' असं सगळे म्हणत होते.

निघताना ते दारापाशी थांबले. "मॅडम, तुम्ही नेहमी विचारायचात ना, इथलं बोलणं घरी जाताना घोळतं का?"

"हो."

"मी खोटं सांगायचो. गाडी पाराडीसहून सुटली की सुरू व्हायचं. तुमच्यासमोर काय बोललो, तुम्हाला काय वाटलं असेल, तुम्ही पाणी प्यायलात ते कंटाळून का. पुढच्या शनिवारपर्यंत."

"मला का नाही सांगितलंत?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं," ते म्हणाले. "तुम्ही इतकं मनापासून करत होता."

ते गेल्यावर मी त्या खुर्चीकडे बघत बसले. या माणसाला आराम पडावा म्हणून मी दर आठवड्याला एक तास दिला होता, आणि त्या तासानेच त्याला आठवडाभराचं दळण पुरवलं होतं. आमच्या धंद्यात औषधाच्या गोळ्या नाहीत. औषध म्हणजे बोलणं, आणि त्यांचा रोग बोलण्यावरच जगत होता. त्यानंतरही मी पुष्कळ माणसं बरी झालेली पाहिली. पण समोरच्या माणसाने 'बरं वाटलं' म्हटलं की माझ्या मनात पाल चुकचुकायची, ती शेवटपर्यंत.

उपचार संपले की पेशंटशी संबंध संपतो, हा आमचा नियम. मी निवृत्त झाल्यावर अनघाचाच एकदा फोन आला आणि आम्ही भेटलो. केस पांढरे झाले होते तिचे. मिलिंद नाशिकला आईबरोबर राहतात. कॉम्प्युटरवर ड्रॉइंगची कामं करतात, ईमेलवर पाठवतात. बिल्डिंगच्या खालीसुद्धा उतरत नाहीत. "आई म्हणतात, शांत आहे हो तो, त्याचा काही त्रास नाही," अनघा म्हणाली.

"इराशी बोलतात?"

"दर रविवारी फोन करतो. शाळा, परीक्षा, थंडी. पाच-दहा मिनिटं. मग फोन ठेवतो आणि थोड्या वेळाने परत करतो, माझ्यासाठी. मघाशी मी तिला असं असं म्हणालो, तिला लागलं तर नाही ना? कधीकधी दोन-तीन दिवसांनीसुद्धा करतो, त्याच एका वाक्यासाठी."

"मग तू काय सांगतेस?"

"गेल्या वेळी मी इरालाच विचारलं, फोन हातात धरूनच. ती सोफ्यावर पडून काहीतरी वाचत होती. म्हणाली, पप्पा असं कधी म्हणाला? मला तर आठवतही नाही." अनघाने कप खाली ठेवला. "मला इतकं बरं वाटलं, ताई. म्हटलं, आता तरी सुटेल. मी त्याला सांगितलं, अरे, तिला आठवतसुद्धा नाहीये."

"काय म्हणाले?"

"मला वाटलं, फोन कट झाला. मग म्हणाला, खरंय, मी बोललेलं तिला कशाला आठवेल."